साडेतीन हजार फूट: सांता मोनिकाच्या विमानतळाचं प्रकरण, नागपूरच्या वर्गात

नगररचनेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी एक प्रकरण अख्खं देतो. अख्खं म्हणजे करार, निकाल, नकाशे, तारखा, सगळ्यासकट. यंदा दिलं ते कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराच्या छोट्या विमानतळाचं. पॅसिफिकच्या काठावर, लॉस एंजेलिसला खेटून वसलेलं, नव्वद हजारांच्या आसपास वस्तीचं शहर. नागपूरच्या पोरांना समुद्रकाठचं प्रकरण कशाला, असं एका सहकाऱ्याने विचारलंही. पण या प्रकरणात समुद्र नावापुरता आहे. सगळा मामला जमिनीच्या कागदांचा आहे, आणि तो विषय नागपूरकर पोराला पहिल्यापासून शिकवावा लागत नाही. ज्याच्या घरी नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीचा, पट्टा आहे, किंवा ज्याच्या बापाने एकोणीसशे लेआउटमधल्या प्लॉटच्या आरएल लेटरसाठी, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्रासाठी, सुधार प्रन्यासाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्याला ‘जमीन माझीच, पण’ हे वाक्य पुढे कुठे जातं ते घरूनच ठाऊक असतं.

प्रकरणाची सुरुवात मी शेवटाकडून करतो. शनिवार, २८ जानेवारी २०१७. सांता मोनिकाच्या नगर कौन्सिलचे सात सदस्य. त्यांच्यापुढे एक तडजोडीचा मसुदा आहे, आणि दुसरी बाजू आहे अमेरिकेचं केंद्रीय विमान वाहतूक प्रशासन, ज्याला तिकडे आणि आता आपणही एफएए म्हणू. मसुद्यात मुख्य गोष्टी दोन. धावपट्टी ४,९७३ फुटांची आहे, ती शहराने कापून ३,५०० फुटांवर आणावी. आणि विमानतळ ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवावा, त्यानंतर शहराला तो बंद करायचा असेल तर करता येईल. बदल्यात वर्षानुवर्षं चाललेले दावे-प्रतिदावे दोघांनीही संपवायचे. मसुदा फेटाळला तर ऑगस्टमध्ये खटला उभा राहणार होता. जिंकले तर विमानतळाला कदाचित त्याआधीच कुलूप. हरले तर ती जमीन कायमची विमानतळच.

सातांपैकी एक तुम्ही आहात. मत द्या.

मागच्या बाकावरून पहिलं उत्तर लगेच आलं. ‘सर, जागा त्याहीचीच आहे ना? मंग कुलूप लावून टाकायचं. एवढी वर्षं वाट काऊन पाहून राहिले?’

या एका प्रश्नात प्रकरणाचा बहुतेक भाग येतो. पुढचे तीन तास त्यावरच गेले.

जागा कोणाची

विमानतळाची जागा २२७ एकर. शहराच्या आग्नेय कोपऱ्यात, किनाऱ्यापासून साधारण दोन मैल आत. तीन बाजूंना घरं, त्यातली बरीच शेजारच्या लॉस एंजेलिसच्या हद्दीत. मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ तिथून फार लांब नाही. इथे प्रवासी विमानसेवा नाही. खासगी छोटी विमानं, वैमानिक घडवणाऱ्या शाळा, आणि धनिकांची बिझनेस जेट, असा कारभार.

पहिल्या महायुद्धानंतर त्या माळावर विमानं उतरू लागली. १९२३ मध्ये युद्धात गेलेल्या ग्रेअर क्लोव्हर या वैमानिकाच्या नावावरून मैदानाला क्लोव्हर फील्ड म्हणायला लागले. पुढे १९२६ मध्ये शहराने लोकांच्या मतदानाने पार्कसाठी रोखे काढले आणि त्या पैशातून ही जमीन घेतली. पार्कसाठी, हा शब्द वहीत लिहून ठेवा असं मी मुलांना सांगितलं. नव्वद वर्षांनी तो परत येणार आहे.

मैदानाला मोठं केलं डग्लस कंपनीने. १७ मार्च १९२४ रोजी सांता मोनिकाहून डग्लसची चार विमानं निघाली. सिअॅटलहून त्यांनी अधिकृत पृथ्वीप्रदक्षिणेला सुरुवात केली आणि १७५ दिवसांनी त्यातली दोन परत पोचली. जगाला हवेतून घातलेली ती पहिली फेरी. वाटेत कलकत्त्याला तरंडे काढून चाकं बसवली आणि अलाहाबाद, अंबाला, मुलतान करत ती कराचीला गेली. नागपूर वाटेत नव्हतं, म्हणून वर्ग थोडा हिरमुसला.

मग त्यांना डीसी-३ सांगितलं. या विमानाचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ ला याच क्लोव्हर फील्डवरून झालं. आपल्या आजोबांच्या पिढीला ते डाकोटा म्हणून माहीत आहे. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर, एकत्र यायची, पत्रांची पोती एकमेकांना द्यायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. ती विमानं डाकोटा होती. म्हणजे सांता मोनिकाच्या शेडमध्ये कागदावर उतरलेलं यंत्र आपल्या वर्धा रोडच्या कडेला रात्री बारा वाजता पत्रं वाटत होतं. प्रकरणाशी याचा संबंध नाही, मला कबूल आहे. पण वर्ग जागा झाला.

दुसऱ्या महायुद्धात केंद्र सरकारने ही जमीन शहराकडून भाडेपट्ट्याने घेतली. डग्लसचा कारखाना आणि धावपट्टी वरून दिसू नये म्हणून लष्कराने त्यावर जाळ्या ताणल्या, आणि जाळ्यांवर लाकडाची, कापडाची खोटी घरं, खोटे रस्ते, खोटी झाडं मांडली. हवेतून पाहणाऱ्याला तिथे विमानतळाऐवजी साधी वस्ती दिसावी. कामगार इतके आले की जवळच्या सनसेट पार्क भागात त्यांच्या राहण्यासाठी खरी घरंही उभी राहिली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे तक्रार करणाऱ्यांना नेहमी एक टोमणा ऐकावा लागला: विमानतळ आधीचा, तुम्ही नंतर राहायला आलात. टोमणा अर्धाच खरा आहे. घरं विमानतळाला चिकटली ती विमानतळाच्याच कामासाठी. फक्त तेव्हाची विमानं पंख्यांची होती.

१९४८ चा कागद

युद्ध संपलं. सरकारने जमीन परत केली, पण तशीच परत केली नाही. १९४८ च्या हस्तांतरणाच्या कागदात अट घातली की ही जमीन विमानतळ म्हणूनच वापरायची. अट मोडली तर सरकारचे हक्क परत जागे होतील.

आता इथे वर्गात दोन तट पडले, आणि तिकडे कोर्टातही हेच दोन तट होते.

शहराचं म्हणणं: जमीन मुळात आमची. सरकारने ती आमच्याकडून भाड्याने घेतली होती आणि भाडेपट्टा संपवून आम्हाला दिली. जे तुमचं कधी नव्हतंच, ते आमच्याकडून परत कसं घेणार? आणि अटीला शेवट लिहिलेला नसला म्हणून ती जगबुडीपर्यंत चालणार का?

एफएएचं म्हणणं: त्या काळात सरकारने धावपट्टी वाढवली, सुधारणा केल्या, त्या सगळ्या तुम्हाला मिळाल्या. घेताना अट वाचून सही केली आहे. अट कायमची.

पोरांनी शहराची बाजू घेतली, अपेक्षेप्रमाणे. एका मुलीने मात्र सावधपणे विचारलं, ‘सर, भाडेकरूने घरात मार्बल बसवलं आणि घर सोडताना लिहून घेतलं की हे मार्बल काढायचं नाही, तर?’ उपमा तिने सहज दिली, पण दोन्ही वकिलांनी इतकी वर्षं जे लिहिलं त्याचा गाभा जवळपास हाच.

शहराने २०१३ च्या ऑक्टोबरात मालकी निर्विवाद ठरवून घ्यायला केंद्रीय कोर्टात दावा केला. २०१४ मध्ये तो सुरुवातीलाच फेटाळला गेला. कारण मजेशीर आहे. असा दावा करायला कायद्यात बारा वर्षांची मुदत, आणि कोर्ट म्हणालं की सरकार हक्क सांगतंय हे तुम्हाला १९४८ पासून ठाऊक होतं. मुदत संपून पन्नासाहून जास्त वर्षं झाली! वरच्या कोर्टाने २०१६ च्या मे महिन्यात हा निकाल फिरवला आणि प्रकरण परत खाली पाठवलं. म्हणूनच २०१७ च्या ऑगस्टमधली तारीख पडली होती. तलाठ्याकडे फेरफाराची नोंद वेळेत न केल्याने हातची जमीन गेल्याच्या गोष्टी आमच्याकडे खेड्यापाड्यात घराघरात आहेत. वर्गाला मुदतीचा मुद्दा समजावून सांगावा लागला नाही.

जेट आली

डग्लसला डीसी-८ हे जेट विमान बांधायचं होतं, त्यासाठी लांब धावपट्टी हवी होती. शेजाऱ्यांचा विरोध पाहून शहराने धावपट्टी वाढवायला नकार दिला. डग्लसने ते विमान लाँग बीचला बांधलं आणि पुढे सांता मोनिकाचा कारखाना गुंडाळला. म्हणजे ज्या कारखान्यासाठी लोकांनी आवाज सोसला तो गेला, धावपट्टी राहिली. साठच्या दशकात तिच्यावर छोटी खासगी जेट उतरायला लागली. तक्रारी, मग खटले.

सत्तरच्या दशकात शहराने जेटवर सरसकट बंदी घातली. केंद्रीय कोर्टाने १९७९ मध्ये ती रद्द केली: आवाज जास्त म्हणून बंदी घालायची तर आवाज मोजा, पण इंजिनाच्या जातीवरून बंदी घालता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये शहराने विमानतळच बंद करायचा ठराव केला. त्यातून १९८४ चा करार निघाला. शहर विमानतळ २०१५ पर्यंत चालवेल, जेट येतील, पण एका उड्डाणाचा आवाज ९५ डेसिबलच्या आत हवा, आणि रात्री अकरा ते सकाळी सात उड्डाण बंद, शनिवार-रविवारी सकाळी आठपर्यंत.

तीस वर्षांचा हा तह. १९८४ मध्ये सही करणाऱ्या कोणालाही २०१५ मध्ये उत्तर द्यावं लागणार नव्हतं, असं मी वर्गात म्हणालो. एकाने विचारलं, ‘आपल्या नेत्यांचा करारही असाच असते ना सर?’ हसू आलं, पण उत्तर देण्याची माझी हिंमत झाली नाही.

तहाच्या काळात जेट वाढत गेली, आणि दुसरा मुद्दा वर आला: सुरक्षा. धावपट्टीच्या टोकांपासून तीनएकशे फुटांवर घरं. विमान थांबलं नाही तर पुढे मोकळी जागा जवळजवळ नाही. वेगाने उतरणाऱ्या विमानांचे गट ठरलेले असतात. १२१ नॉटपासून १४१ नॉटपर्यंतच्या वेगाने उतरणारी सी गटात, त्याहून वेगवान डी गटात. २००८ मध्ये शहराने या दोन्ही गटांवर बंदी घातली. एफएएने ती अडवली आणि सुचवलं की टोकाला हलक्या काँक्रीटच्या गाद्या टाका, विमान त्यात रुतून थांबेल. शहराला ते पुरेसं वाटलं नाही. २०११ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने एफएएच्या बाजूने निकाल दिला.

दोन अपघात वर्गाला सांगितलेच पाहिजेत. २९ सप्टेंबर २०१३ रोजी एक छोटं सेसना जेट उतरल्यावर धावपट्टीवरून भरकटलं आणि हँगरमध्ये घुसलं. हँगरचं छत त्यावर कोसळलं, आतले चौघेही गेले. आणि ५ मार्च २०१५ रोजी अभिनेता हॅरिसन फोर्ड यांचं जुनं विमान उड्डाणानंतर इंजिन बंद पडल्याने शेजारच्या पेनमार गोल्फ मैदानावर आपटलं. ते वाचले. पेनमारचं मैदान तिथे होतं म्हणून, हे दोन्ही बाजू सांगतात. विरोधक म्हणतात, मैदान नसतं तर घरं होती. समर्थक म्हणतात, म्हणूनच विमानतळाभोवती मोकळी जागा ठेवायची असते, विमानतळ बंद करून काय होणार?

वैमानिकांची बाजू मी मुद्दाम एका मुलाला मांडायला लावली. त्याने चांगली मांडली. लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात छोट्या विमानांना जागा तशीही कमी. एक धावपट्टी गेली की तिच्यावरची विमानं व्हॅन नाइस, हॉथॉर्न, टॉरन्सकडे जातील, म्हणजे त्रास संपणार नाही, फक्त दुसऱ्याच्या छतावर जाईल. शिवाय शिकाऊ वैमानिक कुठून तरी सुरुवात करणारच. तो स्वतः कामठी रोडचा आहे. म्हणाला, ‘आमच्या घरासमोरून ट्रक जातात सर. बायपास झाला तर आनंद आम्हाले, पण त्या बायपासवरच्या गावाले नाही.’

दोन लाख चाळीस हजार डॉलर

या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता कागद हा आहे, आणि त्याच्यावर फार कमी बोललं जातं.

अमेरिकेत केंद्र सरकार छोट्या विमानतळांना सुधारणेसाठी अनुदान देतं. अनुदान घेतलं की अटी येतात: विमानतळ अमुक वर्षं चालू ठेवायचा, कोणत्याही प्रकारच्या विमानाला अन्यायाने अडवायचं नाही. सांता मोनिकाने १९९४ मध्ये सोळा लाख डॉलरचं अनुदान घेतलं. त्याची मुदत वीस वर्षं, म्हणजे २०१४. एवढंच असतं तर १९८४ चा तह आणि अनुदानाची अट दोन्ही २०१४-१५ मध्ये एकदमच संपल्या असत्या.

पण २००३ मध्ये शहराने त्याच अनुदानात दुरुस्ती करून घेतली. वाढीव रक्कम साधारण दोन लाख चाळीस हजार डॉलर. सोळा लाखांपुढे किरकोळ. एफएएने पुढे म्हटलं, दुरुस्ती म्हणजे नवीन पैसा, आणि नव्या पैशापासून वीस वर्षं पुन्हा मोजायची. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी अंतिम निर्णय दिला: अटी २०२३ पर्यंत लागू.

दोन लाख चाळीस हजारात शहराने आठ-नऊ वर्षं विकली असं म्हणायला मोह होतो, आणि शहराचे विरोधक तसंच म्हणाले. पण मला त्या अधिकाऱ्याची कीवच येते. त्याने फाइलवर काय पाहिलं असेल? चालू कामाला थोडा जास्त निधी, केंद्राकडून, फुकट. कोणता अधिकारी नाही म्हणेल? आमच्याकडेही केंद्राच्या योजनेतला उरलेला निधी मार्चअखेर खर्च करायची जी घाई असते, तिच्यात योजनेच्या मार्गदर्शक सूचनांचं पान सत्तावन्न कोण उलटून पाहतो? सांता मोनिकाने जेट अडवायला इंजिनाची जात, आवाज, वेग, सगळं वापरून पाहिलं, आणि शेवटी पायात दोर अडकला तो एका दुरुस्तीच्या सहीचा.

त्यामुळे २०१७ च्या शनिवारी सदस्यांपुढे निदान २०२३ पर्यंतचं बंधन दिसत होतंच. त्याच्या पलीकडे १९४८ चा अनंत बांध उभा होता.

मतपेटी आणि भाडेकरू

२०१४ च्या नोव्हेंबरात सांता मोनिकात दोन प्रस्ताव लोकांपुढे आले. विमान चालवणाऱ्यांच्या संघटनांनी पाठिंबा दिलेला ‘मेझर डी’ (मेझर म्हणजे मतदानाला टाकलेला प्रस्ताव) असा होता की विमानतळ बंद करायचा तर आधी लोकांचं मत घ्या. शहराचा ‘मेझर एलसी’ सांगत होता की विमानतळ बंद झाल्यावर त्या जमिनीवर फक्त उद्यान, मोकळी जागा आणि खेळाची सोय होईल, बाकी काहीही करायचं तर पुन्हा मतदान. लोकांनी डी पाडला, एलसी पास केला. १९२६ चा पार्क परत आला.

इथे बिल्डरचा मुद्दा निघाला. नागपुरात तो निघणारच होता. समुद्रकाठच्या शहरात २२७ एकर मोकळे होणार आणि कोणाच्या नजरेत भरणार नाहीत? विमानतळाच्या समर्थकांचा हाच प्रचार होता: आज विमानतळ बंद, उद्या टॉवर. एलसीने ते दार निदान कागदावर लावून घेतलं. वर्गातल्या अर्ध्या मुलांना हे पटलं नाही. ‘आरक्षण बदलायला किती वेळ लागते सर?’ त्यांचा प्रश्न विकास आराखड्यातल्या जमिनीच्या आरक्षणावर होता. पण तिथे बदलायला पुन्हा मतदान घ्यावं लागेल, हा फरक मी त्यांना तीनदा सांगितला.

२०१६ मध्ये कौन्सिलने विमानतळ शक्य तितक्या लवकर, १ जुलै २०१८ पर्यंत बंद करायचा ठराव केला. मग जमीनमालकाचं हत्यार बाहेर काढलं. इंधन आणि सेवा देणाऱ्या दोन खासगी भाडेकरू कंपन्यांना जागा सोडायच्या नोटिसा गेल्या. म्हणजे विमानतळ बंद करायचा नाही, तर पंप बंद करायचा. एफएएने डिसेंबरात तेही थांबवायचा आदेश काढला. वर्ग इथे जोरात हसला, कारण वेगळ्या पद्धतीने भाडेकरू हुसकावायचे प्रकार त्यांनी महाल-इतवारीत पुरेसे पाहिले आहेत. पाणी तोडलं की भाडेकरू जातो, हे गणित तिकडेही.

त्या शनिवारी

पाया इतका झाला, आता मतदान. खरं मत चार विरुद्ध तीन पडलं आणि तडजोड मंजूर झाली. काही दिवसांतच कोर्टानेही ती मान्य केली. धावपट्टी दोन्ही टोकांकडून कापली, डिसेंबर २०१७ अखेर काम संपलं, आणि ३,५०० फूट उरले.

आमच्या वर्गाचा कौलही असाच फाटला. खटला लढायचा म्हणणाऱ्यांचं एकच म्हणणं: २०२३ नंतर सरकारकडे १९४८ च्या कागदाशिवाय काही नाही, आणि तो कागद पोकळ आहे. त्यांना धीर नव्हता असं नाही, त्यांना कागद कळत होता, आणि म्हणूनच ते चिडले होते. तडजोड म्हणणाऱ्यांचं म्हणणं होतं की कोर्टात पोकळ कागदही जिंकतो.

माझं मत मी शेवटी दिलं, वर्गाला ते आवडलं नाही. २०२८ ही तारीख मला दुय्यम वाटते. खरा सौदा ३,५०० फुटांचा होता. शहराने चाळीस वर्षं जेटला नाव घेऊन अडवायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी कोर्टाने सांगितलं की भेदभाव करता येणार नाही. धावपट्टी लहान झाली तेव्हा कोणालाच अडवावं लागलं नाही. मोठ्या जेटला उतरायला जागा पुरत नाही, आपोआप येत नाही. नियमात भेदभाव नाही. अंतर टोकांकडून कापल्याने घरांपासूनची मोकळी जागाही वाढली. जेटची ये-जा घटली, आणि ही गोष्ट दहा-अकरा वर्षं थांबून मिळाली नाही, लगेच मिळाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मिळून वर्धा रोडने निघालो. धावपट्टी डोळ्याने पाहायची होती, कारण फुटांमध्ये बोलून कोणाला काही कळत नाही. सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे. साडेतीन हजार फूट म्हणजे १,०६७ मीटर. गणित पाटीवर केलं तर आपल्या एका धावपट्टीत सांता मोनिकाच्या आजच्या जवळजवळ नेमक्या तीन मावतात. विमानतळाच्या भिंतीबाहेर उभं राहून पोरांनी पहिला तुकडा कुठे संपेल याचा अंदाज बांधला. एकाने तो टॅक्सी स्टँडच्या रांगेत नेऊन ठेवला आणि सगळे त्याला हसले.

धावपट्टी कापण्याची एक बाजू मात्र तक्रार करणाऱ्यांनी कमी बोलून दाखवली. जेट गेली, पण शिकाऊंच्या घिरट्या राहिल्या. छोट्या पिस्टन विमानात वापरलं जाणारं इंधन, तिकडचं शंभर लो लेड, यात अजून शिसं असतं. पेट्रोलमधलं शिसं गाड्यांतून केव्हाच गेलं, विमानांत राहिलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने या शिशामुळे हवेत होणाऱ्या प्रदूषणाने आरोग्याला धोका आहे असं ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे ठरवलं. कॅलिफोर्नियातल्याच सँटा क्लारा काउंटीने आपल्या विमानतळांवर १ जानेवारी २०२२ पासून शिसंवालं इंधन विकणं बंद केलं. धावपट्टी कापून या प्रश्नाला हात लागत नाही. शेजारी आवाजावर चिडले होते आणि पोटात जाणारी गोष्ट दुसरी होती. या मुद्द्यावर वर्गात पाच मिनिटंच चर्चा झाली, मुलांना कागदांची चव लागली होती.

सबमिशन

सबमिशनसाठी मी त्यांना विचारलं होतं: १९४८ च्या कागदासारखी, मुदत नसलेली एक अट तुमच्या घराच्या किंवा ओळखीच्या जमिनीच्या कागदात शोधा, आणि ती कोणाच्या कामाची होती ते लिहा.

बहुतेकांनी लेआउटच्या मंजुरीतल्या ओळी आणल्या. मार्बलची उपमा देणारी मुलगी शेवटच्या दिवशी आली, हातात एक पिवळी पडलेली फाइल. धरमपेठेच्या नझूल पट्ट्याची प्रत होती, फक्त राहण्यासाठी वापराची अट ठळक अक्षरांत, आणि खाली नूतनीकरणाची मुदत. मी वाचायला सुरुवात केली. तिने हळूच फाइल परत ओढून घेतली.

‘हे वर्गात नका दाखवू सर. बाबांनी खाली मेस चालू केली आहे.’